कागदाच्या जाडीचा प्रश्न: रायफलीवर दुर्बिणीचा बेस मोजायचा कसा आणि बसवायचा कसा

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. तेव्हा टीव्हीवर रायफलीच्या मागच्या बाजूला, डोळ्याजवळ एक काळं नळकांडं दिसत होतं. ती दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. ती होती बारीक भोकातून नेम धरायची साइट. हौशी नेमबाज, टेबलावर टेकून नेमबाजी करणारे आणि परवानाधारक रायफलवाले मात्र खरी दुर्बीण, म्हणजे स्कोप वापरतात आणि इथेच गोंधळ सुरू होतो. रायफल घरात असते, ऑनलाइन मागवलेली दुर्बीणही येते, पण दोघांच्या मधला तुकडा एक तर बसत नाही, नाही तर बसतो आणि दहा-वीस फैरींत सरकतो. दोष दुर्बिणीला दिला जातो. बहुतेक वेळा तो मधल्या तुकड्याचा असतो, आणि त्याआधी न घेतलेल्या मापांचा.

बेस म्हणजे दुर्बिणीचं जोतं

कोकणात घर बांधताना जांभ्याचं जोतं आधी पाणसळीत घेतात, मग भिंत उभी राहते. जोतं एका कोपऱ्यात खचलेलं असेल, तर वर कितीही महाग कौलं घातली तरी घर नीट बसत नाही. दुर्बिणीचंही तसंच आहे. सगळ्यात खाली रायफलीचा रिसीव्हर, म्हणजे नळीच्या मागची लोखंडी पेटी, जिच्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारी दांडी, मागं-पुढं सरकतो. तिच्यावर बेस. बेसवर दोन रिंगा. रिंगांच्या कवेत दुर्बीण.

काही रायफलींत बेस वेगळा नसतो. रिसीव्हरच्या पाठीवरच दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा कापून पट्टी काढलेली असते, तिला डव्हटेल म्हणतात. वरून रुंद, खाली निमुळती, सुतार फळ्यांच्या सांध्याला कापतो तशी. बहुतेक एअर रायफली आणि पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या) रायफली अशाच असतात. मोठ्या रायफलींच्या पाठीवर आटे पाडलेली भोकं असतात आणि त्यांवर बेस स्क्रूनं आवळायचा असतो.

एवढ्याशा फरकानं काय होतं?

शिडाच्या होडीची डोलकाठी डोळ्यांसमोर आणा. तिचं बूड खोबणीत बोटभर सरकलं, तर वरचं टोक हातभर बाजूला जातं. दुर्बिणीच्या दोन रिंगांमध्ये साधारण १०० मि.मी. अंतर असतं. लक्ष्य १०० मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या हजारपट लांब. म्हणून एका रिंगेखाली ०.१ मि.मी. फरक पडला, तर १०० मीटरवर नेम १०० मि.मी., म्हणजे १० सें.मी. सरकतो. ०.१ मि.मी. म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. २५ मीटरवर हाच फरक अडीच सें.मी. होतो, १० मीटरवर एक सें.मी.

इथं एक पारिभाषिक शब्द लागेल: मिनिट. वर्तुळाच्या एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मि.मी. दुर्बिणीवर नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवायची फिरती खुंटी असते, तिला बहुधा पाव मिनिटाचे टिचके असतात, म्हणजे १०० मीटरवर टिचक्याला ७ मि.मी. एका कागदाची चूक दुरुस्त करायला असे १४ टिचके खर्ची पडतात. खुंटीची एकूण फिरत मर्यादित असते, आणि बेस वाकडा असेल तर ती नेम जुळवण्यातच संपून जाते.

डव्हटेल मोजताना: डब्यावरच्या ११ वर विसंबू नका

हत्यार फक्त एक लागतं, व्हर्निअर कॅलिपर. अकरावीच्या प्रयोगशाळेत पाहिलेलाच, पण लघुत्तम माप ०.०२ मि.मी. असलेला घ्या. आधी जबडे मिटून शून्य जुळतो का ते पाहा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर घ्या. स्प्रिंगची एअर रायफल असेल तर स्प्रिंग चढवलेली नसावी.

आता डव्हटेलच्या वरच्या पृष्ठभागाची पूर्ण रुंदी घ्या, एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत. पुढं, मध्ये, मागं, अशी तीन ठिकाणी. बाजारात हिला सरसकट "११ मि.मी. डव्हटेल" म्हणतात, पण तो एक ढोबळ आकडा आहे. प्रत्यक्षात ९.५ मि.मी. (पॉइंट टू टूचा जुना तीन-अष्टमांश इंच) पासून १३ मि.मी.च्या पुढंपर्यंत सगळं भेटतं. बाजूच्या उताराचा कोनही प्रत्येक कारखान्याचा वेगळा.

रुंदी जुळली आणि कोन जुळला नाही, तर काय होतं? रिंगेचा जबडा उतारावर सपाट न टेकता फक्त धारेवर दात रोवून बसतो. हाताला घट्ट लागतो. दोन-चार फैरींत ॲल्युमिनियमचा जबडा त्या धारेवर दबतो आणि पकड ढिली पडते. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. डव्हटेलच्या दोन्ही उतारांवर काळा मार्कर फिरवा, शाई वाळू द्या, रिंग आवळा, काढा. शाई पट्ट्यासारखी रुंद पुसली गेली असेल तर पकड खरी आहे. केसासारखी एकच रेघ पुसली गेली असेल, तर ती रिंग त्या रायफलीची नाही. स्क्रू कितीही आवळलात तरी होणार नाही.

डव्हटेलची लांबीही लिहून ठेवा. तिच्या मागच्या टोकाकडं एखादं उभं भोक आहे का ते पाहा. असेल तर त्याचा व्यास आणि खोली मोजा. ते कशाला, ते पुढं येतं.

वीव्हर आणि पिकॅटिनी: सारखे दिसतात, सारखे नाहीत

आडव्या खाचा असलेली रुंद पट्टी दिसली की लोक तिला सरळ पिकॅटिनी म्हणतात. पण ती वीव्हर प्रकारची पट्टीही असू शकते. दोन्हींची रुंदी २१ मि.मी.च्या आसपासच असते. फरक खाचांत आहे. वीव्हरची खाच ४.५७ मि.मी. रुंद आणि दोन खाचांमधलं अंतर ठरावीक नसतं. पिकॅटिनीची खाच ५.२३ मि.मी. आणि अंतर नेमकं १०.०१ मि.मी. हे अमेरिकी लष्करी मानक १९९५ चं. त्यामुळं वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बहुधा बसतात, पिकॅटिनीच्या रिंगांचा आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत उतरत नाही. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी खाच मोजायला अर्धं मिनिट लागतं आणि एक परत पाठवायचं पार्सल वाचतं.

स्क्रू: इथंच सगळ्यात जास्त रायफली खराब होतात

रिसीव्हरच्या पाठीवर भोकं असतील तर त्यांत बहुधा अमेरिकी मापाचे स्क्रू जातात. एक ३.५ मि.मी. व्यासाचा, इंचाला ४८ आटे. दुसरा थोडा जाड, ४.१७ मि.मी., इंचाला ४० आटे. आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो मेट्रिक स्क्रू. त्यातला ३.५ मि.मी.चा पहिल्या स्क्रूसारखाच दिसतो, व्यास तर तंतोतंत तोच. पण त्याचे आटे ०.६ मि.मी. अंतरावर असतात आणि अमेरिकी स्क्रूचे ०.५३ वर. पहिले दोन फेरे तो निमूट आत जातो. तिसऱ्या-चौथ्याला जड होतो. माणसाला वाटतं गंज असेल, आणि तो पान्ना दाबून फिरवतो. तिथं भोकातले आटे गेले.

म्हणून नियम असा ठेवा: पहिले तीन-चार फेरे फक्त दोन बोटांनी, पान्ना न लावता. अडला तर थांबा, उलटा काढा, मोजा. स्क्रूची १० मि.मी. लांबी धरून आटे मोजले तर अमेरिकी स्क्रूवर सुमारे १९ भरतील, मेट्रिकवर १६-१७. लेथवाल्याकडं आट्यांचा गेज असतो, पात्यांच्या पंख्यासारखा. तो टेकवला तर डोळ्यांवर ताण न देता कळतं.

लांबीही तेवढीच महत्त्वाची. व्हर्निअरच्या मागून निघणाऱ्या दांडीनं रिसीव्हरच्या भोकाची खोली घ्या. बेसमध्ये स्क्रूचं डोकं जिथं टेकतं तिथपासून खालपर्यंत बेसची जाडी घ्या. दोन्हींची बेरीज ही स्क्रूची कमाल लांबी, त्यातून अर्धा मि.मी. वजा करा. स्क्रू लांब झाला तर तो बेसला न आवळता भोकाच्या तळाला टेकतो. हाताला आवळल्यासारखं वाटतं आणि बेस मात्र हलत राहतो. आरपार भोकात लांब स्क्रू बोल्टच्या वाटेत येतो, तर पुढच्या भोकात नळीच्या आट्यांवर दाब देतो. आखूड झाला तर दोन-तीन आट्यांवर सगळा धक्का येतो. भोक पुरेसं खोल असेल तर ३.५ मि.मी.च्या स्क्रूचे निदान ३.५ मि.मी. आटे धातूत रुतलेले असावेत. पुढच्या आणि मागच्या स्क्रूची लांबी बऱ्याचदा वेगळी असते, त्यांची अदलाबदल करू नका.

रिंगांची उंची: हिशेब चार ओळींचा

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा घेर नळीला टेकता कामा नये, पण दुर्बीण गरजेपेक्षा उंचही नको, नाही तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी येतो.

बेसवर एक पोलादी पट्टी सपाट ठेवा, तिचं टोक नळीवर पुढं येऊ द्या. दुर्बिणीचं पुढचं भिंग जिथं येणार तिथं पट्टी आणि नळी यांच्यातलं अंतर मोजा. समजा ते ७ मि.मी. आलं. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाचा बाहेरचा व्यास मोजा. डब्यावरचा ४० हा भिंगाचा असतो, धातूच्या कवचासकट तो जास्त भरतो. समजा ४८. त्याचा अर्धा २४. मोकळी जागा ३ मि.मी., म्हणजे झाकणही मावेल. २४ आणि ३ मिळून २७, त्यातून ७ वजा, उरले २०. बेसच्या माथ्यापासून रिंगेच्या मध्यापर्यंत निदान २० मि.मी. हवेत.

एक फसवी गोष्ट इथं आहे. काही कंपन्या रिंगेची उंची मध्यापर्यंत देतात, काही रिंगेच्या खालच्या वाटीपर्यंत. दुर्बिणीची नळी २५.४ मि.मी. असेल तर या दोन आकड्यांत १२.७ मि.मी.चा फरक पडतो. आपल्या उदाहरणातली २० ची रिंग दुसऱ्या पद्धतीत ७.३ म्हणून विकली जाईल. दुर्बिणीची नळी २५.४ आहे की ३० मि.मी., हेही व्हर्निअरनंच ठरवा. २५.४ ची दुर्बीण ३० च्या रिंगेत कागद गुंडाळून बसवायची नसते.

नळी मोडून छर्रा भरायच्या एअर रायफलीत आणखी एक पाहायचं: दुर्बिणीचं पुढचं टोक बिजागरीच्या पुढं जाऊन छर्रा भरणाऱ्या बोटांच्या आड येता कामा नये.

बसवताना

बेस, रिसीव्हर, भोकं आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. कारखान्यातून येताना सगळ्याला तेल असतं. तेलकट आट्यांवर ठरलेल्या जोरानंही स्क्रू जास्त ताणला जातो, आणि स्क्रू न सुटण्यासाठी लावायचं थ्रेडलॉकर तेलावर धरत नाही.

मग बेस कोरडाच ठेवा, फक्त पुढचे स्क्रू हलके आवळा आणि मागं फट पडते का ते पाहा. यासाठी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडं किंवा कुठल्याही गॅरेजात टॅपेट लावायला असतो तोच. ०.०५ मि.मी.ची पाती फटीत शिरत असेल तर बेस आणि रिसीव्हर एकमेकांवर सपाट बसत नाहीत. तसेच चारही स्क्रू आवळले तर बेस केळीच्या पानासारखा वाकतो, दोन्ही रिंगांची तोंडं वेगळ्या दिशांना होतात आणि त्यांत आवळलेली दुर्बिणीची नळी पिळली जाते. उपाय आहे: पोलादी भुकटीची इपॉक्सी. रिसीव्हरवर रंगहीन बूटपॉलिशचा पातळ हात द्या, म्हणजे इपॉक्सी तिथं चिकटणार नाही. मागच्या बाजूला बेसखाली इपॉक्सी लावा, पुढचे स्क्रू आवळा, मागचे नुसते टेकवा. २४ तास हात लावू नका.

आता शेवटची जुळणी. स्क्रूच्या आट्यांवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब. लाल नको, तो सोडवायला सुमारे २५० अंश तापवावं लागतं. स्क्रू एकदम एक न आवळता, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे आलटून-पालटून. ३.५ मि.मी.च्या स्क्रूला साधारण २ न्यूटन-मीटर, ४.१७ च्याला ३ च्या आसपास. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना २. रिंग बेसला धरणाऱ्या नटाचा आकडा कंपनीगणिक २ ते ७ न्यूटन-मीटर असा बदलतो, सोबतच्या कागदावरचाच पाळा. टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पान्ना नसेल तर एलन कीचा लांब हात भोकात आणि आखूड हात दोन बोटांत धरून फिरवा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त जोर लागतच नाही.

रिंग खाचेत ठेवताना ती कुठल्या भिंतीला टेकवायची? काडतुसाच्या रायफलीत पुढच्या, नळीच्या तोंडाकडच्या भिंतीला, मग आवळायची. धक्का रायफलीला मागं ढकलतो, दुर्बीण जागेवरच राहू पाहते, म्हणजे रायफलीच्या मानानं ती पुढं सरकते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत उलट. तिथं आधी मागं धक्का बसतो आणि लगेच, पिस्टन आपटल्यावर, पुढं. हा दुसरा झटका जोराचा असतो आणि रिंगा डव्हटेलवरून मागं घसरतात. मघाशी मोजलेलं मागचं भोक त्यासाठीच आहे: रिंगेतून खाली येणारी खिळी त्यात उतरली की घसरण थांबते. भोक नसेल तर रिंगेच्या मागं वेगळा अडसर आवळा. आणि दुर्बीण "एअर रायफलसाठी" असं लिहिलेलीच घ्या. मोठ्या रायफलीची दणकट दुर्बीणसुद्धा या दुहेरी झटक्यानं आतून निखळते, कारण ती एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेली असते.

दुर्बिणीतली फुली सरळ करायला ओळंब्याइतकं चांगलं साधन नाही. १०-१५ मीटरवर ओळंबा लटकवा, बेसवर छोटी पाणसळ ठेवून रायफल समतल करा आणि फुलीची उभी रेघ दोरीवर येईपर्यंत दुर्बीण रिंगांत फिरवा. फुली ५ अंश कलली आणि गोळीची ३० सें.मी. घसरण खुंटीनं भरून काढली, तर नेम अडीच सें.मी.हून जास्त बाजूला जातो.

पण कागद किंवा पत्र्याची पट्टी खाली घातली तर चालत नाही का?

नळी मोडायच्या एअर रायफलीत नळी थोडी खाली झुकलेली असते आणि खुंटी वर-वर फिरवूनही नेम पुरत नाही, तेव्हा हा प्रश्न येतो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे एका पट्टीनं १०० मि.मी. अंतरावरच्या रिंगांत साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. मागच्या रिंगेत अशी एक पट्टी चालून जाते. दोन-तीन घातल्या तर दुर्बिणीची नळी वाकते. जास्त झुकाव असेल तर मागं उंच असलेला तयार उतरता बेस घ्या. २० मिनिटांचा बेस १०० मि.मी.ला ०.५८ मि.मी. उतरतो. कागद मात्र नकोच, तो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो.

भोकं नसतील तर गावच्या लेथवर पाडून घ्यावीत?

परवान्याच्या रायफलीला नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि बदल हे परवानाधारक कारागिराचं काम आहे. लेथवाला कितीही कुशल असला तरी तो आणि तुम्ही दोघंही अडचणीत येता. तांत्रिक कारणही आहे: रिसीव्हरच्या पुढच्या भागात नळीचा दाब झेलणारा धातू असतो, तिथं भोक चुकून अर्धा मि.मी. खोल गेलं तर रायफल धोक्याची होते. ४.५ मि.मी. बोअरच्या, २० जूल ताकदीपर्यंतच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण तिच्या नळकांड्यात पिस्टन फिरतो. तिथं पाडलेलं भोक म्हणजे रायफल गेली.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुका पुष्कळ आहेत. त्यांवर दुर्बीण बसवायचा खटाटोप करू नये. त्यांची अचूकताच काही पावलांची, दुर्बिणीनं ती वाढत नाही. आणि दुर्बीण आली म्हणून रानडुकरावर किंवा वानरावर नेम धरायचा हक्क येत नाही, तो वन विभागाच्या लेखी परवानगीनंच येतो.

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस

किनाऱ्यालगतच्या घरांत ॲल्युमिनियमच्या खिडकीला स्टीलचा स्क्रू असेल, तर त्याभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसते. दोन वेगळे धातू आणि मधे खारा ओलावा, एवढ्यावर ॲल्युमिनियम झिजू लागतं. ॲल्युमिनियमचा बेस आणि पोलादी रिसीव्हर यांच्यातही हेच होतं, फक्त ते झाकलेलं असतं. म्हणून शेवटच्या जुळणीआधी, अल्कोहोलनं पुसून झाल्यावर, रिसीव्हरच्या पाठीवर तेलाचा अगदी पातळ थर द्यावा, इतका पातळ की बोट फिरवलं तर ओलं वाटेल पण ठसा उमटणार नाही. इपॉक्सीची जागा आणि भोकं मात्र कोरडीच. भोकात तेल उतरलं असेल तर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून पुसून घ्या.

रायफल स्पंजच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात जून ते सप्टेंबर ठेवू नका. स्पंज ओलावा धरून ठेवतो आणि गंज बेसच्या कडेनं सुरू होतो, जिथं फडकं पोचत नाही. कपाटात उघडी, सोबत सिलिका जेलची पिशवी, आणि दर पंधरवड्यानं तेलाचं फडकं.

बसवून झाल्यावर सरकलं की नाही, हे कसं कळणार?

थ्रेडलॉकर २४ तास वाळू द्या. मग नेलपॉलिशची एक बारीक रेघ प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर ओढा. तशीच एक रेघ रिंगेच्या कडेला दुर्बिणीच्या नळीवर आणि एक रिंगेच्या बुडाशी डव्हटेलवर. २०-२५ फैरींनंतर सगळ्या रेघा तपासा. स्क्रूवरची रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरला आहे: काढा, पुसा, पुन्हा थ्रेडलॉकर लावा. डव्हटेलवरची रेघ तुटली असेल तर रिंग सरकली, जबड्याचा कोन किंवा खिळी पाहा. नळीवरची तुटली असेल तर दुर्बीण रिंगांत घसरते आहे, वरचे स्क्रू आणि नळीचं माप पाहा. आणि सगळ्या रेघा अखंड असून नेम हलत असेल, तरच दुर्बीण काढून दुसऱ्या रायफलीवर तपासायला घ्या.